गावच्या शाळेला कॉम्प्युटर द्यायचेत, देऊ का?

बालाघाटी
६ जुलै, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

आमच्या दहावीच्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. एरवी त्यावर सुप्रभात आणि वाढदिवसाचे केक. मे महिन्यात स्नेहमेळावा झाला, जेवणं झाली, आणि पान खाता खाता कोणीतरी म्हणालं की गावच्या जिल्हा परिषद शाळेसाठी काहीतरी केलं पाहिजे. बोलणाऱ्याला वाटलं असेल, विषय पानाबरोबर संपेल. पण तीन आठवड्यांत दोन लाख चाळीस हजार जमले. आता पंचाईत.

शाळा बीडच्या पाटोदा तालुक्यात, डोंगरपट्ट्यात. पहिली ते सातवी, ८४ लेकरं, चार शिक्षक. दिवाळीच्या पुढेमागे टोळ्या ऊसतोडीला निघाल्या की हजेरी निम्म्यावर येते, ती गुढीपाडव्यापर्यंत तशीच.

ग्रुपमध्ये तीन पक्ष पडलेत. पुण्यातल्या आयटीवाल्यांना टॅबलेट द्यायचेत. मुंबईतला एक जण म्हणतो, एकच मोठा स्मार्ट बोर्ड द्या, डोळ्यांत भरतो. गावातल्यांचं म्हणणं, दहा जुने डेस्कटॉप घ्या, एका खोलीचा संगणक कक्ष करा आणि दारावर बॅचच्या नावाची संगमरवरी पाटी लावा. पाटी सरपंचांनाही पसंत आहे. मुख्याध्यापकांना फोन केला तर ते एवढंच म्हणाले, "या की, बघू." त्या 'बघू'त काही उत्साह दिसला नाही. का, ते कळलं नाही.

इथे शिक्षक आहेत, संगणकवाले आहेत, संस्थांमधून काम केलेले आहेत. काय करावं?

ताकभात
६ जुलै, रात्री १०.१५

उपक्रम चांगला. जुने डेस्कटॉप मात्र घेऊ नका. पुण्यामुंबईच्या ऑफिसांनी फेकलेली मशिनं असतात ती. सहा महिन्यांत पॉवर सप्लाय जातो आणि मग गावात त्यांच्यावर कपडे वाळत घालतात. अनुभव आहे.

चकली_बिघडली
६ जुलै, रात्री १०.२२

कपडे वाळत घालण्यापुरतं तरी सीआरटी मॉनिटर बरे होते हो. नवे सपाट, त्यांवर टॉवेल राहत नाही.

खडूवाला
६ जुलै, रात्री ११.४०

मी जिल्हा परिषदेचा शिक्षक. बावीस वर्षं झाली, तीन तालुके झाले. जिल्हा सांगत नाही. तुमच्या मुख्याध्यापकांच्या 'बघू'चा अर्थ मला लागला, तो सांगतो.

माझ्या मागच्या शाळेच्या ऑफिसात एक लोखंडी कपाट होतं. त्यात दोन प्रोजेक्टर. एकाचा दिवा गेलेला, आणि नव्या दिव्याच्या किमतीत शाळेचा वर्षाचा खडू आला असता. बारा टॅबलेट, त्यांतल्या पाचांच्या बॅटऱ्या फुगून मागचं झाकण पुरीसारखं वर आलेलं. एक स्कॅनर. आणि एका कार्यक्रमात मिळालेली एक काळी पेटी, जी काय आहे ते मला बदली होईपर्यंत समजलं नाही. सगळ्यांवर पांढऱ्या रंगात देणगीदाराचं नाव.

लोक म्हणतात मास्तर आळशी, म्हणून कुलूप. अहो, कुलूप लावायला लावते ती जडवस्तू नोंदवही. वस्तू शाळेला मिळाली की नोंदवहीत चढते. बदली झाली की चार्ज देताना एकेक नग मोजून द्यायचा. मोडका नग टाकून देता येत नाही, त्याच्या निर्लेखनाचा, म्हणजे तो नोंदवहीतून कमी करण्याचा, प्रस्ताव करायचा. मी केलेला एक प्रस्ताव मंजूर होऊन आला तेव्हा त्या वर्गातली मुलं मतदान करत होती. आता तुम्हीच सांगा, तिसरीतल्या पोराच्या हातात टॅब कोण देईल? न वापरलेली वस्तू कधी फुटत नाही.

दुसरं, वीज. बिल भरायचं सादिलमधून, म्हणजे किरकोळ खर्चाच्या अनुदानातून. त्यातूनच खडू, फिनेल, झाडू, रंगरंगोटी. आमचं बिल थकलं आणि एक दिवस मीटरच काढून नेलं. आठ महिने भिंतीवरचा स्मार्ट टीव्ही तसाच काळा. मुलं त्यात बघून भांग पाडायची. फुकट गेला असं तरी कसं म्हणू?

तिसरं. शाळेत माहिती तंत्रज्ञान नाही हा शहरातला गैरसमज आहे. आमच्याकडे ते भरपूर आहे, फक्त ते मुलांसाठी नाही. आज किती मुलं जेवली ते भरा. आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव जुळवा. एकात 'राऊत' आहे आणि एकात 'राउत', झालं, नामंजूर. फोटो टाका, लोकेशनसकट. हे सगळं स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या डेटावर. "माहिती दुपारी दोनपर्यंत सादर करावी" हा निरोप दीड वाजता येतो. तेवढा वेळ वर्ग मॉनिटरच्या ताब्यात.

तेव्हा पैसे जरूर द्या. पण आधी जा, कपाट उघडून बघा.

दिवेलागण
७ जुलै, सकाळी ७.०५

खडूवाला गुरुजी, काचेत बघून भांग पाडण्यावर हसले, मग हसू गेलं.

माझ्या माहेरच्या हायस्कुलात बूट तत्त्वावर संगणक प्रयोगशाळा आली होती. बांधा, मालकी ठेवा, चालवा, हस्तांतर करा. कंत्राटदाराने मशिनं बसवायची, शिकवायला माणूस द्यायचा आणि पाच वर्षांनी सगळं शाळेला देऊन जायचं. पाच वर्षं खरंच छान चाललं. तो निदेशक मुलगा हौशी होता, मुलींना टायपिंग शिकवायचा. करार संपला, तो गेला, खोलीला कुलूप. आमचे वडील म्हणायचे, बूट आला नि बूट गेला, पाय अनवाणी ते अनवाणीच.

वारणाकाठचा
७ जुलै, सकाळी ८.३०

ऊसतोडीचा विषय निघाला म्हणून लिहितो. गावात कॉम्प्युटर आणून विकास करायचा प्रयोग आमच्या भागात सगळ्यांच्या आधी झालाय. १९९८ ला वारणा वायर्ड व्हिलेज. वारणानगरच्या आजूबाजूची कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतली सत्तर गावं. निम्मा पैसा केंद्राचा, चाळीस टक्के राज्याचा, दहा टक्के वारणा समूहाचा, म्हणजे तिथल्या साखर कारखान्याच्या सहकारी संस्थांचा. गावोगाव केंद्र, केंद्रात कॉम्प्युटर. कागदावर बघाल तर पिकांचा सल्ला, बाजारभाव, आरोग्य, शिक्षण, नोकऱ्यांची माहिती, काय म्हणाल ते होतं. तेव्हा पेपरात फोटो यायचे, धोतर-फेट्यातला शेतकरी आणि समोर मॉनिटर.

प्रत्यक्षात माणसं केंद्रावर जायची ती कशाला? उसाची नोंद लागली का, तोड कधी येणार, वजन किती भरलं, खताचं काय झालं आणि बिल कधी जमा होणार. एवढंच. पण एवढंच म्हणून नाकं मुरडू नका. याआधी त्याच कामाला एसटीने वारणानगर गाठावं लागायचं आणि अर्धा दिवस जायचा. वजनाची चिठ्ठी गावात मिळणं ही शेतकऱ्याच्या लेखी मोठी गोष्ट. माझे चुलते अंगठेबहाद्दर, पण चिठ्ठीवरचा टनांचा आकडा लांबून ओळखायचे.

पुढची गंमत अशी. काही वर्षांनी मशिनं म्हातारी झाली. मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधन केंद्रातली मंडळी अभ्यासाला आली. त्यांनी पाहिलं की काम सगळं उसाच्या आकड्यांचंच आहे. मग ते कॉम्प्युटरशिवाय का होऊ नये? सात गावांत आठ महिने त्यांनी कॉम्प्युटरच्या जागी साधा मोबाइल आणि एसएमएस वापरून बघितला. काम भागलं, ते पण कमी पैशात. म्हणजे कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीच्याच माणसांनी कॉम्प्युटर काढून दाखवला! त्या गटातले केंटारो टोयामा पुढे या विषयावर बरंच बोलत-लिहीत राहिले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की यंत्र फक्त आवाज मोठा करतं. मुळात गाणारा असला तर गाणं मोठं होतं, भांडण असलं तर भांडण.

तुमच्या शाळेत लोकांना कसली चिठ्ठी पाहिजे ते आधी शोधा, एवढं सुचवतो.

शून्य_बाकी
७ जुलै, सकाळी ९.१२

वारणाकाठचा यांना +१.

आणखी एक आपल्याच राज्यातलं. प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप ही निग्रोपोंटे साहेबांची मोहीम आठवते का? शंभर डॉलरचा हिरवा-पांढरा लॅपटॉप. भारतातली पहिली चाचणी २००७ मध्ये कर्जतजवळच्या खैराट धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेत झाली. वीसबावीस मुलं. मुलं रमली होती, शिक्षक उत्साही होते, यात खोट काढायला जागा नाही. पण एका वाडीतला उत्साह देशभर वाटता येत नाही. पेरू देशाने आठ लाखांवर लॅपटॉप वाटले. २०१२ मध्ये अभ्यास आला, तीनशेवर शाळांचा. गणित आणि भाषेत फरक शून्य.

आपल्या सरकारचा २०११ मधला स्वस्त 'आकाश' टॅबलेट कोणाच्या घरी आहे का? असल्यास फोटो टाका, संग्रहालयाला कळवू.

लोखंड देणं सोपं, कारण त्याचा फोटो निघतो. सगळे पैसे एका शिकवणाऱ्या ताईच्या मानधनावर घाला. दोन वर्षं निघतील.

सिंगापुरी शेवगा
७ जुलै, दुपारी १२.४०

आला का नेहमीचा सूर! शून्य_बाकी, तुम्ही पेरू सांगितलंत, दिल्ली का नाही सांगितली?

दिल्लीत मुरलीधरन, सिंग आणि गनिमियन यांनी माइंडस्पार्क या सॉफ्टवेअरची, ते कोणत्या मुलांना द्यायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवत, नीट चाचणी घेतली. शाळेनंतरची केंद्रं, गरीब वस्त्यांतली मुलं. साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीतही ठळक फरक, शैक्षणिक प्रयोगांत सहसा दिसत नाही इतका. कारणही पटण्यासारखं आहे. सहावीतलं मूल गणितात प्रत्यक्षात तिसरी-चौथीत असतं. मास्तर सहावीचं पुस्तक शिकवतात, कारण त्यांना ते संपवायचं असतं. सॉफ्टवेअरला ती घाई नाही. ते मुलाला तिसरीचं गणित देतं, जमलं की चौथीचं. एका वर्गात चाळीस मुलांच्या चाळीस पायऱ्या सांभाळणं माणसाला अवघड, यंत्राला सोपं.

पेरूत यंत्र दिलं आणि पुढे काय करायचं ते सांगितलंच नाही. दिल्लीत काय करायचं ते आधी ठरलं होतं. दोन्हींना एकाच पोत्यात कसं घालता?

बालाघाटी, तुम्हाला इंटरनेटचीही गरज नाही. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटर घ्या, त्यावर कोलिब्री हे नेटशिवाय धडे दाखवणारं सॉफ्टवेअर टाका. तो खोलीपुरतं वायफाय करतो, फोन-टॅब त्याला जोडले की सामग्री उघडते. त्यात फेटची विज्ञानाची सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करायचे प्रयोग, टाकता येतात, बरीचशी मराठीत आहेत. विद्युत मंडल जोडताना तार चुकली की पडद्यावर आग लागते, मुलं मुद्दाम लावतात. किविक्स या नेटशिवाय वाचायच्या अ‍ॅपवर मराठी विकिपीडिया उतरवून घ्या. स्टोरीवीव्हरच्या मराठी गोष्टी आहेत, अरविंद गुप्तांच्या खेळण्यांचे मराठी व्हिडिओ आहेत, आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल आहेत. सगळं फुकट आणि कायदेशीर. मी हे सगळं भरलेलं मेमरी कार्ड तयार करून कुरियरने पाठवतो, खर्च माझा.

शून्य_बाकी
७ जुलै, दुपारी १.०५

दिल्लीची केंद्रं कोण चालवत होतं? वीज कोणाची? यंत्र बिघडल्यावर दुसऱ्या दिवशी दुरुस्त करायला कोण येत होतं? आणि त्या केंद्रांत सॉफ्टवेअरच्या जोडीला लहान गटात शिकवणारा माणूसही होता, हे सोयीस्कर विसरलात. सिंगापूरहून पाटोद्याचा फ्यूज दिसत नाही, शेवगेसाहेब.

सिंगापुरी शेवगा
७ जुलै, दुपारी १.२०

माझं गाव बीडच्याच गेवराई तालुक्यात आहे. फ्यूजला तार कशी बांधतात ते मला चांगलं माहीत आहे. कार्ड पाठवतोय, बास.

चकली_बिघडली
७ जुलै, दुपारी १.३१

शेवगा आणि शून्य, दोघांनाही ताक पाजा कोणीतरी.

ताकभात
७ जुलै, दुपारी १.३३

माझं नाव घेऊ नका.

पिंपळपान_७
७ जुलै, दुपारी २.५०

मेळघाटातलं हरिसाल विसरलात वाटतं सगळे? २०१६ चं पहिलं डिजिटल गाव! आणि मग २०१९ च्या सभेत ते 'लाव रे तो व्हिडिओ'...

संपादक मंडळ
७ जुलै, दुपारी ३.१५

हरिसालवर आधीच दोन धागे आहेत आणि दोन्हींना कुलूप आहे. इथे नको. पक्षीय प्रतिसाद उडवले आहेत.

कोपीतली
८ जुलै, रात्री ८.१०

दोन दिवस वाचतेय. सगळे शाळेतल्या खोलीबद्दल बोलताय. बालाघाटी यांनी सुरुवातीलाच लिहिलंय की हजेरी निम्म्यावर येते. त्या निम्म्यांबद्दल कोणीच काही बोललं नाही.

मी चार हंगाम ऊसतोड कामगारांच्या मुलांबरोबर काम केलं, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्याच्या तळावर. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, ती फिटेपर्यंत परत फिरायचं नाही. पहाटे तीन-चारला फडात. लेकरू मोठं असेल तर मागे धाकट्याला सांभाळतं, वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, गोळा करतं. हंगामी वसतिगृह आहे, पण पोरीला मागे ठेवायला आई-बाप धजावत नाहीत. शिक्षण हमी पत्रक घेऊन जवळच्या शाळेत बसवता येतं, बसवतातही. पण तळ हलला की शाळाही हलते.

मात्र या लोकांकडे फोन असतो. कोपीला, म्हणजे तळावरच्या झोपडीला, दार नसतं, फोन असतो. तोही बापाच्या खिशात, म्हणजे दिवसभर फडात. संध्याकाळी सातनंतर पोराच्या हाताला लागतो, आणि तोवर बॅटरी एक काडी. आमच्या तळावर चार्जिंग नाक्यावरच्या टपरीत, दहा रुपये फोन. नाहीतर ट्रॅक्टरच्या बॅटरीवर. व्हिडिओ पाठवून उपयोग नाही, एक बघितला की दिवसाचा डेटा संपला आणि बाप ओरडला.

चाललं ते एकच. गावाकडच्या एका बाईंनी रोज संध्याकाळी दोन मिनिटांचा आवाज पाठवायला सुरुवात केली. "सोनू, आज तळावर किती गाड्या भरल्या? एका गाडीत किती मोळ्या? मला सांग." दुसरीतला पोरगा मोळ्या मोजून उलटा आवाज पाठवायचा. मागून बैलांच्या घुंगरांचा आवाज, आईचं खेकसणं. तो गणित विसरला नाही. एप्रिलमध्ये परत आल्यावर वर्गात बसायला लाजलाही नाही, कारण बाईंचं बोलणं तुटलेलंच नव्हतं. इतर पोरं पंधरा दिवस दाराबाहेर घोटाळतात.

करोनात सगळ्या राज्याला हेच करावं लागलं, नाही का? २०२० च्या जुलैमध्ये सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही धड्यांची मालिका सुरू झाली, कारण फोन सगळ्यांकडे नव्हते. सोलापुरात नीलमनगरच्या भिंतींवर धडे रंगवले. पालघरच्या पाड्यांत भोंगे लावून शिकवलं. ज्यांना अवघड परिस्थितीत काम करायचं होतं त्यांनी हाताला लागेल ते वापरलं. शाळा सुरू झाल्या आणि आपण परत खोली आणि पाटीवर आलो.

शून्य_बाकी
८ जुलै, रात्री ८.५५

काही बोलायला जागा ठेवली नाहीत. सलाम.

फोनबद्दल एक भर. गावांतल्या शिक्षणाच्या 'असर' पाहणीच्या २०२४ च्या अहवालात गावातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी जवळपास नव्वद टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन आहे. ८२ टक्क्यांना तो वापरता येतो. आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरला असं ५७ टक्के म्हणतात, समाजमाध्यमांसाठी ७६. म्हणजे यंत्र घरात पोचलंय, आपण ते पुन्हा विकत घेऊन देऊ नये.

माडाखाली
९ जुलै, सकाळी ६.४५

मी पंधरा वर्षं कोचीत आहे, मुलगी इथल्या मल्याळम शाळेतच शिकली. बिघडल्यावर कोण बघणार या प्रश्नावर एक सांगते.

केरळात आयटी अ‍ॅट स्कूल २००१ पासून आहे. सगळं मुक्त सॉफ्टवेअरवर, त्यामुळे लायसन्सचा खर्च नाही आणि व्हायरसचा त्रास कमी. २०१८ पासून शाळांमध्ये 'लिटल काइट्स' म्हणून मुलांचे क्लब आहेत. शाळेतली यंत्रं नीट ठेवणं हे त्यांच्या कामांपैकी एक. माझी मुलगी नववीत असताना प्रोजेक्टरची जाळी ब्रशने साफ करायची आणि घरी येऊन मला धुळीवर व्याख्यान द्यायची. घरात झाडू मारायची नाही, ते सोडा.

अवांतर: तिथे हे जमलं, कारण शाळेमागे एक कायमची सरकारी यंत्रणा आहे. एका बॅचच्या वर्गणीतून केरळ होणार नाही. पण सहावी-सातवीतली चार मुलं शिकवून तयार करता येतील. ती पुढच्यांना शिकवतात.

खडूवाला
९ जुलै, रात्री ९.३०

पोरांच्या हाती दुरुस्ती देणं शंभर टक्के पटलं. फक्त ती नोंदवही... तिचं काही करा.

बालाघाटी
२१ जुलै, रात्री १०.३०

उशीर झाला, क्षमस्व. शनिवारी सकाळची शाळा होती, मी आणि बॅचमधले दोघे गेलो. पाऊस नव्हताच, रस्ता कोरडा.

हेडमास्तरांना म्हटलं, आधी कपाट उघडा. ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले, मग किल्ली काढली. खडूवाला गुरुजी, तुम्ही आमच्या शाळेत येऊन गेला होता की काय? सहा टॅबलेट, तीन फुगलेले. एक प्रोजेक्टर, खोक्यासकट. एलईडी टीव्ही एक, त्याला अंगणवाडीच्या ताईंनी फुलाफुलांचं कव्हर शिवलेलं. टीव्ही चालतो, पण वर्गातल्या बटणाला अर्थिंग नाही, म्हणून लावत नाहीत. एका मुलाला झटका बसला होता. बिल नऊ हजार आठशे थकलेलं.

मग मी वारणाकाठचा यांचा प्रश्न विचारला. "सर, तुम्हाला कसली चिठ्ठी पाहिजे?" त्यांना आधी कळेना. समजावून सांगितलं. ते म्हणाले, "प्रिंटर द्या."

आम्ही तिघे एकमेकांकडे बघायला लागलो. अडीच लाख घेऊन आलोय आणि हा माणूस प्रिंटर मागतोय! ते म्हणाले, एक बोनाफाइड काढायचं तरी तालुक्याला जावं लागतं, अठरा किलोमीटर. चाचणीचे पेपर, याद्या, अहवाल, सगळ्याला तेच. आठवड्यातून एकदा तरी एक शिक्षक निम्म्या शाळेतून जातो, आणि चार शिक्षकांत सात वर्ग असताना एक गेला की दोन वर्ग उघडे पडतात. शिवाय दुसरीच्या बाई म्हणाल्या, प्रत्येक पोराला त्याच्या पायरीचा वेगळा कागद देता आला तर त्यांना टॅब नको. शेवगेसाहेब, तुमच्या दिल्लीचं गणित बाई कागदावर करायला निघाल्यात. स्टोरीवीव्हरच्या गोष्टी छापून पोरांना घरी द्यायच्यात असंही त्या म्हणाल्या. तळावर जाताना पिशवीत टाकता येतील. कागदाला चार्जिंग लागत नाही, हे त्यांचं.

तर ठरलं ते असं. थकलेलं बिल ९,८००. वायरिंग आणि अर्थिंग १४,०००. शाई भरायचा प्रिंटर, स्कॅनरसकट, १६,०००. इन्व्हर्टर-बॅटरी २४,०००. तीन वर्षांचं वीज, कागद आणि शाई, महिना दीड हजार धरून ५४,०००. शेवगेसाहेबांचं कार्ड आलंय, ते जुन्या टॅबवर चालवून बघतोय. चालले तेवढे तीन चालतील. उरलेले लाखभर बॅंकेत. दिवाळीनंतर टोळ्या गेल्या की बाईंना आवाज पाठवायला एक फोन आणि रिचार्ज लागेल, तो त्यातून. मोळ्या मोजायचा खेळ ऐकून बाईंनी कोपीतली ताईंचा नंबर मागितलाय, त्यांच्या विचारपुशीत निरोप टाकला आहे.

नोंदवहीचा तोडगा बॅचमधल्या वकिलाने काढला. प्रिंटर, इन्व्हर्टर शाळेला दान द्यायचे नाहीत. बॅचच्या मालकीचे, शाळेला वापरायला. शाळा व्यवस्थापन समितीचा तसा ठराव. मोडलं तर आमचं मोडलं. ठराव वाचून हेडमास्तरांनी पहिल्यांदा चहा मागवला.

पाटीवरून ग्रुपमध्ये अजून भांडण चालू आहे. प्रिंटरवर संगमरवर कसा लावायचा, असं एकाने गंभीरपणे विचारलंय. स्मार्ट बोर्डवाला मित्र ग्रुप सोडून गेला, संध्याकाळी परत आला.

आता एक तांत्रिक प्रश्न. आमच्याकडे दुपारी चार-चार तास लाइट नसते. प्रिंटर, टीव्ही आणि दोन पंखे एवढाच भार. दीडशे एएचची बॅटरी पुरेल का, आणि ट्यूब्युलर घ्यावी की साधी?

ताकभात
२१ जुलै, रात्री १०.५२

टीव्ही आणि पंख्यांना पुरेल. प्रिंटर इन्व्हर्टरवर चालवण्याआधी दुकानदाराला विचारा. बॅटरी ट्यूब्युलरच घ्या. आणि पाणी कोण घालणार, ते आधी ठरवा.

खडूवाला
२१ जुलै, रात्री ११.०४

सातवीतल्या दोन पोरींना द्या ते काम. पोरांना दिलंत तर डिस्टिल्ड वॉटर पिऊन बघतील.